वत्सलाक्कांची थोरली

आमच्या चामराजपुरमच्या गल्लीत वांगीभात न होणारं घर एकच होतं, वत्सलाक्कांचं. म्हैसुरात राहून वांगीभात करायचा नाही, हे इथल्या लोकांना आजारासारखं वाटतं. कुणी विचारलंच तर वत्सलाक्का गळ्याशी हात नेत आणि सांगत, "आमच्या थोरलीला वांगं चालत नाही." नव्या माणसाला वाटे, घरात थोरली जाऊ असेल. ही थोरली वारून चाळीसेक वर्षं झाली होती.

थोरली म्हणजे श्रीपादरावांची पहिली बायको. वत्सलाक्का दुसरी. लग्नाच्या दिवशीच सासूनं त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. चार आण्याच्या नाण्याएवढा, त्यावर हात जोडलेली एक बाई. गेलेल्या बायकोचा असा टाक दुसरीनं गळ्यात घातला की तिचा मान राहतो आणि ती त्रास देत नाही, अशी समजूत. तिकडे महाराष्ट्रात हे आता कुणी पाळत असेल की नाही, मला माहीत नाही. आम्ही पिढ्यानपिढ्या इथले. आमची भाषा निम्मी कन्नड झाली, पण येताना बरोबर आणलेल्या रीती आम्ही लोणच्यासारख्या बरणीत घट्ट बंद करून ठेवल्या.

मी त्यांची शेजारीण. एका चर्मरोगाच्या दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. कातडीचे तुकडे गोठवायचे, पातळ कापायचे, रंगवून काचपट्टीवर चढवायचे, हे माझं काम. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पाहिलं आणि ऐकलं तेवढंच आहे.

वत्सलाक्का हाडापेरानं मोठ्या होत्या. आवाज असा, की शेजारच्या रस्त्यावरचा भाजीवाला गाडी वळवून येई. गॅसवाल्याला, पाणीखात्याच्या माणसाला, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला त्या एकाच सुरात झापत. हयात असलेल्या कुणालाही त्या घाबरलेल्या मी पाहिल्या नाहीत. पण नवी साडी आणली की तिची घडी आधी टाकाला लावायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. सयाजीराव रोडवरच्या दुकानात एकदा मी बरोबर होते. सुरेख निळी साडी होती. दुकानदारही थांबला, त्याला सवय होती. वत्सलाक्कांनी साडी परत सरकवली. "बेडा. तिला नको."

मी रस्त्यात विचारलं, "ती सांगते कसं?"

"सांगत नाही. टाक गार लागतो. गार लागला की नाही म्हणायचं."

"आणि हो असेल तर?"

"मग काही लागतच नाही."

थोरलीचं नाही बऱ्याचदा वत्सलाक्कांच्या सोयीचं असे, हेही माझ्या लक्षात आलं होतं. श्रीपादरावांच्या चुलत्यांना आपला मुलगा कॉलेजसाठी यांच्याकडे ठेवायचा होता. वत्सलाक्का म्हणाल्या, थोरलीला विचारते. दुसऱ्या दिवशी कळवलं, नाही म्हणते. मुलानं बंगळुरूला घर घेतलं आणि तिकडे राहायला चला म्हणून धोशा लावला, तेव्हाही तेच. मेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? सासू असेपर्यंत या घरात सुनेचं नाही कुणी ऐकून घेतलं नव्हतं. थोरलीचं मात्र सासूसुद्धा ऐके.

दिवाळीच्या आधी टाकाचा दोरा बदलायचा असे. जुना दोरा कापताना वत्सलाक्का टाक दातांत धरत, नव्या दोऱ्यात ओवून होईपर्यंत तोंड उघडत नसत. टाक अंगापासून क्षणभरही वेगळा व्हायचा नाही, असं सासूनं बजावलं होतं. तेवढा वेळ त्या बोलत नसत म्हणून आम्ही बायका मुद्दाम काहीबाही विचारायचो. त्या डोळ्यांनीच शिव्या द्यायच्या.

या सगळ्यात श्रीपादराव कुठेच नसत. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे गृहस्थ. थोरलीचा विषय निघाला की ते पेपर घडी करून उठत आणि नळाला पाणी आलं का बघायला जात. तिचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. तिचं नाव काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

टाकाखाली, गळ्याच्या खळगीजवळ वत्सलाक्कांना एक काळसर ठिपका झाला होता. आधी मोहरीएवढा. मग तो वाढला, त्याला खपली धरू लागली, खपली निघून रक्त येई, पुन्हा सुके. घरचे म्हणत, टाक घासतोय. वत्सलाक्का म्हणत, थोरली रुसलीय. शुक्रवारी टाकाला हळदकुंकू वाहत आणि तीच हळद ठिपक्यावर दाबत. अशी बरीच वर्षं गेली. शेवटी मुलानं एका नर्सिंग होममध्ये नेऊन तो कापून काढवला. छोटं काम होतं, तेव्हाही त्यांनी टाक दातांत धरला होता. तपासणीत त्वचेचा कर्करोग निघाला. हळू वाढणारा, सहसा दूर न पसरणारा. सगळं निघालं असं वाटलं आणि घरात तो विषय संपला.

काही वर्षांनी गच्चीवर संडगे वाळत घालताना वत्सलाक्कांचा पदर वाऱ्यानं सरकला. जुन्या व्रणाच्या कडेला काळसर, मोत्यासारखी चकाकणारी किनार उमटली होती. मी तसली कातडी रोज बघते.

"कधीपासून?"

"असेल दोन वर्षं. बिडु, सोड ते. तेव्हा टाक दातात धरला, ते तिला चाललं नाही."

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

आमच्या डॉक्टरीणबाई आडपडदा न ठेवता बोलतात. त्यांनी सांगितलं ते मी वत्सलाक्कांना मराठीत सांगितलं. हरळी उपटली तरी मातीखालून पसरलेल्या धाग्यातून पुन्हा उगवते, तसा हा रोग एकदा काढूनही उगवला होता. तो कुठवर गेलाय हे वरून दिसत नाही. म्हणून थर थर काढायचा. जागा बधिर करून बशीसारखा एक पातळ थर घ्यायचा, तो लगेच लॅबमध्ये कापून त्याची सगळी कड आणि सगळा तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जिथे मूळ दिसेल फक्त तिथलाच पुढचा थर घ्यायचा. काही दिसेनासं झालं की थांबायचं. चांगली कातडी उगाच जात नाही आणि रोग मागे राहण्याची शक्यता सगळ्यांत कमी. एकदा परत आलेल्या रोगाला हेच बरं.

वत्सलाक्कांनी विचारलं, झोपवणार का? नाही, जागं राहायचं. किती थर? आधी सांगता येत नाही, एकात भागेल किंवा दिवस जाईल. भोक केवढं पडेल? बाहेर दिसतंय त्याहून मोठं.

"निदान खोटं बोलत नाही ही," वत्सलाक्का मला म्हणाल्या.

मग टाकाचा प्रश्न आला. रक्त थांबवायला विजेवरचं उपकरण वापरतात, अंगावर धातू चालत नाही. तोंडात धरला तर? पाठीवर झोपलेल्या माणसाच्या घशात जाईल. मुठीत? तेही नाही.

वत्सलाक्का खुर्चीवरून उठल्या. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "काढायचाच असला तर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पाहिजे. डबीत नको, देवघरात नको. श्वास चालू आहे अशा गळ्यात."

मला हसू आलं होतं, पण पुढे त्यावरच सगळं अडलं. दुसऱ्याची मेलेली सवत कोण गळ्यात घालून घेणार? सूनबाईंना दिवस गेले होते, फोनवर विचारलं तर त्या रडायलाच लागल्या. नात्यातल्या बायका विषय बदलत. मी घातला असता, पण त्या वेळी मी यंत्रावर बसणार. महिने जात होते. किनार व्रणाच्या दुसऱ्या बाजूला वळली. डॉक्टरीणबाई मला दोनदा म्हणाल्या, तुमच्या शेजारीणबाई गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांची वाट बघतायत का? मी हे वत्सलाक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, थोरलीला विचारते. मग म्हणाल्या, गार आहे.

एका सकाळी त्यांच्या पडवीत आम्ही अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होतो. श्रीपादराव पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "मी घालतो."

वत्सलाक्का हसल्या. "अय्यो, पुरुषानं कुणी घातलाय का हो टाक?"

"बायको माझी होती," श्रीपादराव म्हणाले.

वत्सलाक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. या वेळी ते नळाकडे गेले नाहीत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. न्याहारी करून यायचं. रक्तदाबाची गोळी नेहमीसारखी घ्यायची. रक्त पातळ करायची गोळी त्यांनी कुणाला न विचारता बंद केली होती, तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोलून मी ती पुन्हा सुरू करायला लावली. असल्या गोष्टी पेशंटनं आपल्या मनानं करायच्या नसतात. पुढून उघडणारं पोलकं घालायचं. दहीभाताचा डबा आणायचा, कारण जास्तीत जास्त वेळ बसण्यात जातो. सोबतीला माणूस हवंच.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी टाक काढला. खरं तर काढला असं म्हणता येणार नाही. दोघं एकमेकांसमोर वाकले, डोक्याला डोकं लागलं, आणि दोरा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेला. श्रीपादरावांनी तो शर्टाच्या आत सोडला. तिथे बसलेल्या लोकांना काहीतरी लग्नाचं चाललंय असं वाटलं असावं.

पहिला थर आला. बधिर करायची सुई टोचते तेवढीच, नंतर नुसतं ओढल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी तुकड्याच्या कडेला खूण केली होती, कागदावर जखमेचा नकाशा काढला होता, कडांना तांबडी आणि निळी शाई लावली होती, म्हणजे काचेखाली काही दिसलं तर ते गळ्यावर नेमकं कुठलं हे कळावं. मी तुकडा गोठवला, कापला, रंगवला. खालच्या डाव्या कडेला पेशींचे गडद पुंजके होते. नकाशावर तेवढ्याच जागी तांबडी फुली पडली.

मी चहा प्यायला बाहेर आले तेव्हा वत्सलाक्का गळ्याला पट्टी बांधून नवऱ्याशेजारी बसल्या होत्या आणि श्रीपादराव बोलत होते. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शर्टावरूनच टाकावर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत ते सांगत होते.

तिचं नाव सुमती. ती शीळ घालायची. दोन बोटं तोंडात घालून, मुलांसारखी. एकदा बस सुटली तर तिनं रस्त्यातच शीळ घालून थांबवली, आणि अम्मा, म्हणजे श्रीपादरावांची आई, आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग ती परसात जाऊन हळू शीळ घालायची, श्रीपादरावांना ऐकू जाईल एवढीच.

वत्सलाक्का ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "वांगं का चालायचं नाही तिला?"

"कुणाला? सुमतीला? ती ईरनगेरेची वांगी कच्ची खायची. अम्माला चालायचं नाही. तिच्या अंगाला खाज सुटायची."

"निळा रंग?"

"अम्मालाच."

पुढचा थर घ्यायला नर्सनं हाक मारली. वत्सलाक्का उठल्या, दोन पावलं गेल्या, आणि वळून म्हणाल्या, "किती वर्षांची होती हो?"

"एकोणीस पूर्ण व्हायची होती. तापानं गेली."

आत टेबलावर झोपल्यावर वत्सलाक्कांनी डोळे घट्ट मिटून घेतले; मी तुकडा घ्यायला तिथेच उभी होते. डॉक्टरीणबाईंना वाटलं दुखतंय. त्यांनी विचारलं तर वत्सलाक्का मराठीतच म्हणाल्या, "माझ्या सुनेहून लहान होती. आणि मी तिला सासूच करून ठेवली."

दुसऱ्या थरात थोडंसं उरलं होतं. तिसरा स्वच्छ आला. मी काचपट्टी पुन्हा पुन्हा पाहिली, डॉक्टरीणबाईंनीही पाहिली. बाहेर आवळ्याच्या बीएवढं दिसत होतं, त्याची जखम लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढी झाली. वत्सलाक्कांनी आरसा मागितला, तो त्यांना दिला. काही पेशंट बघतात, काही नाही, दोन्ही ठीकच. त्या म्हणाल्या, एवढ्याशा जागेत किती राहते ती. मग बाजूची कातडी सरकवून जखम शिवली. गळ्यावर आडवी लांब रेघ आली.

बाहेर येताच त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. मी सांगितलं, टाके निघून व्रण मुरेपर्यंत तिथे दोरा घासायचा नाही. रक्त आलं तर न बघता नुसतं दाबून धरायचं, पुन्हा पुन्हा उचलून बघायचं नाही. भरलेली भांडी उचलायची नाहीत. तिथे काही महिने बधिर वाटेल. श्रीपादरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "राहू दे बरं होईपर्यंत."

व्रण छान भरला, नुसती फिकट रेघ राहिली. वत्सलाक्कांनी वांगीभात केला आणि मला डबा पाठवला. मी तो रिकामा द्यायला गेले तेव्हा दोघं जेवत होते. श्रीपादरावांनी पहिला घास ताटाच्या कडेला वेगळा काढून ठेवला होता. वत्सलाक्का त्या घासाकडे बघत जेवत होत्या.

टाक त्यांच्या गळ्यात परत आला नाही. एकदा गच्चीवर मी विचारलं. म्हणाल्या, मागितला मी. ते म्हणाले, तिला इथं बरं वाटतंय.

"मग मी विचारलं, गार लागतो का हो? तर म्हणाले, नाही, उबदार असतो." त्यांचा हात गळ्याशी गेला, रेघेवरून फिरला, पुन्हा खाली आला. "मला कधी उबदार लागला नाही, मालती."

त्या पावसाळ्यात दुपारी त्यांच्या परसातून शीळ ऐकू येई. हळू, एखाद्यालाच ऐकू जावी अशी. श्रीपादराव घालत असणार, दुसरं कोण घालणार? त्यांचे पुढचे दात पडलेले होते, हे मला माहीत आहे. दाताशिवाय शीळ घालता येते की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही.

वत्सलाक्कांचा आवाज बसला. शस्त्रक्रियेनं नाही, तिचा आवाजाशी काही संबंध नव्हता. भाजीवाल्याला हाक मारायला त्या फाटकापर्यंत जाऊ लागल्या. त्यांनी निळी साडी घेतली, घडी कशालाही न लावता नेसल्या, आणि दिवसभर पदर ओढत राहिल्या. त्यांच्या पडवीत गेले की आतून श्रीपादरावांचं पुटपुटणं ऐकू येई आणि वत्सलाक्का ओठांवर बोट ठेवत. "बोलतायत."

तपासणीला त्या नियमानं आल्या. व्रण स्वच्छ होता. पुन्हा काही उगवलं नाही. आमच्या कामात याला यश म्हणतात आणि मीही म्हणते.

वर्षभरानं मुलानं परत बंगळुरूचा विषय काढला, आणि या वेळी ते ठरलं. मला आश्चर्य वाटलं. तुम्हाला जायचं नव्हतं ना, असं मी विचारलं. वत्सलाक्का दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"नाही. अजूनही नाही."

"मग नाही म्हणा."

त्यांनी कपडे खांद्यावर टाकले. "कुणाच्या नावानं म्हणू?"

मी म्हटलं, स्वतःच्या. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायला सांगत होते.

ते गेले त्या सकाळी मी त्यांना फाटकाशी गाठून बजावलं. तिकडेही दर सहा महिन्यांनी डॉक्टरला दाखवायचं, उन्हात गळा झाकायचा, अंगावर कुठेही नवा ठिपका किंवा न भरणारी जखम दिसली तर थांबायचं नाही. त्या हं हं करत होत्या. टॅक्सीच्या डिकीत सामान चढलं. श्रीपादराव मागच्या सीटवर बसले, पार दाराला टेकून. पलीकडे चांगली ऐसपैस जागा होती. त्यांनी आपली पिशवीसुद्धा तिथे न ठेवता मांडीवर घेतली आणि त्या जागेवरची धूळ रुमालानं पुसली.

वत्सलाक्कांनी मागचं दार उघडलं होतं. त्या पुसलेल्या जागेकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार आवाज न करता लावलं, पुढे गेल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या.